आपलेंच रक्त, आपलाच व्रण

आश्विन सरत आला म्हणजे आमच्या आटगांवच्या आसमंतांत भातकापणीची घाई सुरू होते आणि तिच्या पाठोपाठ लहानमोठ्या जखमाही येतात. विळ्यानें कापलेलें बोट, धसकट रुतलेला तळवा, आणि लावणीपासून चिखलांत भिजून बोटांच्या बेचक्यांत झालेल्या, अजून पुरत्या न सुकलेल्या चिखल्या, यांचें शहापूर-मुरबाडकडील शेतकऱ्यास कांहीं नवल नाहीं. कामकरी माणसाचा तरणा पाय दहापंधरा दिवसांत पूर्ववत् होतो आणि जखम झाली होती हेंही तो विसरतो. परंतु त्याच गांवांत, त्याच महिन्यांत, एखाद्या घरच्या वडीलधाऱ्या माणसाच्या तळव्यावरील रुपयाएवढा व्रण चातुर्मास उलटला तरी भरत नाहीं. एकाच्या देहांत जें आपसूक घडतें, तें दुसऱ्याच्या देहांत कां अडतें, आणि अडलेलें कार्य त्याच देहांतील रक्ताच्या साहाय्यानें पुढें नेतां येतें काय, हा या महिन्याचा विषय आहे.

हल्लीं शहरांतील दवाखान्यांच्या पाट्यांवर आणि वृत्तपत्रांतील जाहिरातींत 'पी.आर.पी.' अशीं तीन अक्षरें वारंवार दृष्टीस पडतात. कोठें तीं केस उगवण्यासाठीं असतात, कोठें गुडघ्यासाठीं, तर कोठें चेहऱ्याच्या तजेल्यासाठीं. 'प्लेटलेट रिच प्लाझ्मा' हें त्यांचें पूर्ण रूप. आपण त्यास बिंबाणुसमृद्ध रक्तद्रव म्हणूं. केस आणि चेहरा यांचा विचार ज्यांचा त्यांनीं करावा. आपल्यापुढें प्रश्न आहे तो न भरणाऱ्या व्रणाचा; कारण तेथें पणास लागलेला असतो तो माणसाचा पाय.

प्लेटलेट हा शब्द आपल्या माजघरांत आणला तो डेंग्यूच्या तापानें. 'प्लेटलेट किती आल्या?' हा प्रश्न आतां आजीबाईही विचारतात. रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत या बिंबाणूंची संख्या निरोगी माणसांत साधारणतः दीड लाखापासून साडेचार लाखांपर्यंत असते. त्यांचा जन्म अस्थिमज्जेंत होतो आणि आयुष्य आठदहा दिवसांचें असतें. इटलींतील ट्यूरिन येथील ज्युलिओ बिझ्झोझेरो या शास्त्रज्ञानें १८८२ सालीं त्यांचें स्वतंत्र अस्तित्व आणि रक्त गोठण्यांतील त्यांचें कार्य दाखवून दिलें. फुटलेल्या रक्तवाहिनीच्या तोंडाशीं हे बिंबाणू एकमेकांस चिकटून बसतात व बांध घालतात, एवढें त्यांचें काम पुष्कळ दिवस मानलें जाई.

पुढें कळून आलें कीं, बांध घालणें हें त्यांचें अर्धेंच काम. प्रत्येक बिंबाणूच्या पोटांत सूक्ष्म कोश असतात आणि त्यांत पेशींची वाढ चेतविणारीं द्रव्यें सांठविलेलीं असतात. बिंबाणु जखमेंत फुटला कीं तीं मोकळीं होतात. जणूं गडी बांध घालून थांबत नाहींत, तर गांवांत जाऊन गवंड्यांस आणि सुतारांस बोलावूनही आणतात. अशा वृद्धिकारक द्रव्यांच्या शोधाबद्दल स्टॅन्ली कोहेन आणि रीटा लेव्ही-मोंटाल्चिनी यांस १९८६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

व्रण भरण्याचा क्रम एकदां नीट ध्यानांत घेतला म्हणजे पुढील गोष्टी सुलभ होतात. प्रथम रक्त थांबतें. मग जागा लाल होते, सुजते. श्वेतपेशी येऊन जंतु आणि मृत भाग दूर करितात. ही सूज म्हणजे साफसफाई होय; ती कांहीं दिवसांत ओसरावी लागते. तिसऱ्या अवस्थेंत नव्या रक्तवाहिन्या फुटतात, लालसर दाणेदार मांस भरतें आणि कडेनें नवी त्वचा सरकत येते. शेवटीं महिनोन् महिने तो वण घट्ट होत जातो. मधुमेही मनुष्याचा व्रण बहुधा दुसऱ्या अवस्थेंतच अडकून पडतो. साफसफाई संपत नाहीं, आणि त्या अविरत सुजेंतून पाझरणारीं द्रव्यें नवी बांधणी उभी राहण्यापूर्वींच तिला खाऊन टाकतात. वृद्धिकारक द्रव्यें येतात, पण टिकत नाहींत.

मधुमेह्याचा व्रण दुःसाध्य, ही गोष्ट आपल्या पूर्वजांस अज्ञात नव्हती. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्या संपादनाखालीं छापलेली सुश्रुतसंहिता ज्यांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं तिचें सूत्रस्थान उघडून पाहावें. कुष्ठी, विषबाधित, क्षीण आणि मधुमेही अशा माणसांचे व्रण कष्टानें बरे होतात, असें सुश्रुतानें स्पष्ट नोंदलें आहे. दुष्ट, शुद्ध, भरत येणारा आणि पूर्ण भरलेला अशा व्रणाच्या अवस्था त्यानें वेगळ्या ओळखल्या आहेत आणि चिकित्सास्थानांत व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. मात्र यावरून सुश्रुतास बिंबाणू ठाऊक होते असें म्हणणें हा त्या थोर शस्त्रवैद्याचा गौरव नसून त्याच्या ग्रंथाची हेळसांड आहे. त्याची थोरवी सूक्ष्म निरीक्षणांत आहे. व्रणाकडे रोज पाहावें, त्याची अवस्था ओळखावी आणि अवस्थेनुरूप उपाय बदलावा, हा त्याचा धडा आजही जुना झालेला नाहीं.

आतां हा रक्तद्रव कसा सिद्ध करितात तें पाहूं. रुग्णाच्याच शिरेंतून दहावीस मिलिलिटर, गरजेप्रमाणें अधिक, रक्त काढतात. तें गोठूं नये म्हणून नळींत सायट्रेट घातलेलें असतें. मग ती नळी यंत्रांत वेगानें गरगर फिरवितात. गांवच्या दूधसंकलन केंद्रावर स्निग्धांश पाहण्यासाठीं दुधाच्या नळ्या फिरवितात हें पुष्कळांनीं पाहिलें असेल, तत्त्व तेंच. जड तें बाहेर, हलकें तें आंत. रक्ताच्या लाल पेशी तळाशीं बसतात, वर पिवळसर द्रव राहतो आणि दोहोंच्या मध्यें पातळ पांढुरकी साय धरते. अनेक ठिकाणीं वरचा भाग काढून पुन्हां एकदां फिरवितात व तळचा बिंबाणूंनीं दाट झालेला अंश घेतात. त्यांत बिंबाणूंचें प्रमाण मूळ रक्ताच्या कित्येक पट असतें. त्यांत कॅल्शियमचा क्षार मिसळला तर त्याचें खिरीसारखें घट्ट जेल होतें. तें स्वच्छ केलेल्या व्रणावर पसरतात, किंवा पातळ द्रवच व्रणाच्या कडेनें सुईनें टोंचतात, आणि वर पट्टी बांधतात. बहुतेक द्रव्यें पहिल्या तासाभरांतच बाहेर पडतात. म्हणून तें तयार होतांच वापरावें लागतें आणि कांहीं दिवसांच्या अंतरानें पुन्हां करावें लागतें. रक्त ज्याचें त्यालाच द्यावयाचें असल्यानें गट जुळविण्याचा प्रश्न येत नाहीं.

एवढें ऐकून कोणाचेंही मन मोहून जाईल. आमच्या घरींही तसेंच झालें. ज्येष्ठ बंधूंच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, यांस पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. वैशाखांत एका देवस्थानीं त्यांनीं भर दुपारीं तापलेल्या फरशीवरून अनवाणी प्रदक्षिणा घातल्या. तळव्यास फोड आला, परंतु पायाची संवेदनाच मंदावलेली असल्यामुळें त्यांस कांहीं जाणवलें नाहीं. आठ दिवसांनीं सूनबाईस स्वयंपाकघराच्या फरशीवर रक्ताचा डाग दिसला, तेव्हां घरांत कळलें. हळद झाली, तूप झालें, मलमें झालीं. आषाढ उजाडला तरी व्रण तेवढाच. डोंबिवलीस असलेल्या पुतण्यानें जाहिरात आणली. तीन बैठकींत व्रण भरून देण्याची तींत हमी होती आणि बैठकीमागें कांहीं हजारांचा खर्च होता. बंधु म्हणाले, 'पैशाचें पाहतां येईल, पाय राहिला पाहिजे.' वहिनी म्हणाल्या, 'अंगांत आहे तेवढें रक्त पुरे, तें आणखी कशाला काढायचें? भावोजी, तुम्हीच यांना समजवा.' दोन दिवस घरांत दुसरा विषय नव्हता.

अखेर ठाण्यास एका शल्यवैद्याकडे नेलें. त्यानें प्रथम रक्तद्रवाचें नांवही काढलें नाहीं. एक बारीक नायलॉनचा तंतु तळव्यास ठिकठिकाणीं टेकवून 'कळतें कां?' असें विचारलें. वहिनी डोळे मिटून बसल्या होत्या, त्यांस बहुतेक ठिकाणीं कळलें नाहीं. पायाच्या नाड्या चांचपल्या आणि रक्तपुरवठा पुरेसा असल्याची खात्री केली. व्रणाभोंवतीं साचलेलें घट्ट कातडें आणि मृत भाग कापून काढला. मागील तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी केली व औषधांत बदल करविला. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे त्या जागेवर भार पडणार नाहीं अशी पादत्राणाची योजना करून सांगितलें कीं, घरांत, न्हाणीघरांत, देवघरापर्यंतसुद्धां, एक पाऊलही याशिवाय टाकूं नये. चार आठवडे एवढेंच. मग पाहूं.

खरी लढाई येथें झाली. चाळीस वर्षें सोवळ्यांत अनवाणी वावरलेल्या बाईस स्वयंपाकघरांत पादत्राण घाला असें सांगणें हें रक्त काढण्याहून अवघड ठरलें. शेवटीं सूनबाईनेंच मार्ग काढला. घरापुरता वेगळा, रोज धुवावयाचा जोड करविला आणि नैवेद्याचा स्वयंपाक काहीं काळ आपल्याकडे घेतला. देवासाठीं पाय झिजवावे हें खरें, परंतु पाय गमवावा अशी कोणत्याही देवाची अपेक्षा नसावी, एवढेंच मी वहिनींस म्हणालों. त्यावर त्या हंसल्या, पण जोड पायांत घातला.

दर रविवारीं मी पारदर्शक कागदावर व्रणाची कड रेखून ती आलेखाच्या कागदावर चौकोन मोजून पाहत असें. आरंभीं सहा चौरस सेंटिमीटर भरलेला व्रण चार आठवड्यांनीं साडेचारांवर आला. याचा अर्थ पुतण्यास कळला नाहीं, वैद्यास कळला. चार आठवडे चोख उपचार करूनही व्रण निम्म्यानें घटला नाहीं, तर तो पुढें सहजीं भरण्याचा संभव कमी, असा या शास्त्रांतील अनुभवसिद्ध दंडक आहे. मग त्यानें स्वतःच रक्तद्रवाचा विचार काढला. आठवड्यास एक याप्रमाणें तो लावला. पादत्राण, साखर, साफसफाई हें सारें चालूच होतें. भाद्रपदांत व्रण मिटला.

पुतण्या म्हणतो, पी.आर.पी.नें गुण आला. सूनबाई म्हणते, जोड घातल्यानें आला. वहिनी म्हणतात, नवसानें. तर्कशास्त्रांत काकतालीय न्याय म्हणून एक प्रसिद्ध न्याय आहे. कावळा ताडावर बसला आणि तेवढ्यांत ताडफळ गळून पडलें. म्हणून कावळ्यानें फळ पाडलें असें ठरत नाहीं. एका पायावरून निर्णय करणें हें असेंच आहे. तेथें अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही पाहावे लागतात. उपाय केला तेथें गुण आला, हा अन्वय. इतर सर्व गोष्टी समान ठेवून केवळ हा एक उपाय केला नाहीं तेथें गुण आला नाहीं, हा व्यतिरेक. आधुनिक वैद्यक रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडतें तें याच व्यतिरेकासाठीं.

अशी एक चांगली परीक्षा ब्रिटन, डेन्मार्क आणि स्वीडन या देशांत झाली व तिचा निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. तेथें वापरलेली वस्तु पी.आर.पी.ची सख्खी बहीण म्हणावी अशी होती. रुग्णाचेंच रक्त फिरवून बिंबाणू, श्वेतपेशी आणि तंतुजाल यांची एक चकती करीत आणि ती दर आठवड्यास व्रणावर ठेवीत. प्रथम चार आठवडे सर्वांस नेहमींचाच उपचार दिला आणि ज्यांचे व्रण तेवढ्यानें निम्म्याहून अधिक घटले त्यांस वगळलें. उरलेल्या मधुमेही रुग्णांचे दोन गट केले. २६६ रुग्णांच्या या हिशेबांत, वीस आठवड्यांत, चकती लावलेल्यांपैकीं शेंकडा ३४ जणांचे व्रण भरले. केवळ नेहमींचा उपचार झालेल्यांपैकीं शेंकडा २२ जणांचे.

या आंकड्यांचें गणित घरांतील मुलांकडून करवून घ्यावें. शंभर हट्टी व्रणांत चकतीमुळें बारा अधिक भरले, ही गोष्ट क्षुद्र नव्हे. बारा पाय म्हणजे बारा संसार. परंतु चकती लावूनही शंभरांतील सहासष्ट त्या मुदतींत भरले नाहींत, हेंही त्याच वाक्यांत वाचलें पाहिजे. मग तीन बैठकींत हमी कोण देऊं शकेल? कॉक्रेन या संस्थेनें २०१६ सालीं प्रत्यक्ष पी.आर.पी.च्या दहा परीक्षांतील ४४२ रुग्णांचा आढावा घेतला. मधुमेही पायाच्या व्रणांस उपयोग होत असावा, परंतु पुरावा कच्चा आहे; इतर जुनाट व्रणांविषयीं निश्चित सांगतां येत नाहीं, असा तिचा अभिप्राय पडला. अमेरिकेच्या सरकारी विमायोजनेनें २०२१ पासून मधुमेह्यांच्या जुनाट व्रणांसाठीं हा खर्च वीस आठवड्यांपर्यंत मान्य केला. म्हणजे थोतांड म्हणून झिडकारावी अशी ही वस्तु नाहीं, आणि संजीवनी म्हणून कवटाळावी अशीही नाहीं. ती मदतनीस आहे, घरधनी नव्हे.

घरधनी कोण, हें आपल्याच देशांतील एका जुन्या अनुभवानें शिकविलें आहे. कुष्ठरोग्यांचीं बोटें आणि पाय झडतात ते रोगानें सडून, अशी पूर्वीं समजूत होती. वेल्लोर येथें काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनीं दाखवून दिलें कीं, मूळ घात संवेदनाशून्यतेचा आहे. दुखत नाहीं म्हणून मनुष्य त्याच जागेवर चालत राहतो आणि व्रण खोल जातो. त्या अनुभवांतून आलेल्या मऊ रबराच्या, एम.सी.आर. म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चपला आज मधुमेह्यांच्याही उपयोगी पडतात. भार काढून घेतल्याशिवाय कोणताही लेप लावणें म्हणजे घागर फुटकी ठेवून पाणी भरणें होय.

व्रणावरील आच्छादनाची बाब अशीच साधी, परंतु विचार मागणारी आहे. आमच्याच मध्य रेल्वेच्या मार्गावरील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं भाजलेल्या रुग्णांवर केळीच्या पानांची पट्टी वापरून तिचा अभ्यास २००३ सालीं प्रसिद्ध केला. त्याआधीं १९८५ सालीं मुंबईचेच डॉ. मनोहर केसवानी यांनीं उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वर्णिली होती. महाग पट्ट्या ज्यांस परवडत नाहींत त्यांच्यासाठीं हा उद्योग होता. त्याचें मर्म असें कीं, व्रण ओलसर राहावा आणि पट्टी बदलतांना कोंवळी त्वचा सोलली जाऊं नये. मात्र तीं पानें आणि साली रुग्णालयांत निर्जंतुक करून वापरलेलीं होतीं, आणि तींही भाजल्याच्या जखमांवर. परसांतील केळीचें पान तोडून मधुमेह्याच्या व्रणास बांधण्याची ही परवानगी नव्हे.

रक्तद्रव घ्यावयाचाच झाला तर कांहीं प्रश्न निःसंकोचपणें विचारावे. व्रणांत पू किंवा हाडापर्यंत गेलेला जंतुसंसर्ग आहे काय? पायाचा रक्तपुरवठा तपासला काय? रुग्णाचे बिंबाणू मुळांतच कमी, किंवा रक्तक्षय मोठा, असें तर नाहीं? व्रणाच्या जागीं कर्करोगाचा संशय दूर केला आहे काय? यांतील एकाचेंही उत्तर प्रतिकूल असेल तर आधीं तें निस्तरावें. आणि सुया, नळ्या व इतर साहित्य प्रत्येकासाठीं नवें आहे ना, नळीवर रुग्णाचें नांव आहे ना, हें डोळ्यांनीं पाहावें. अमेरिकेंतील न्यू मेक्सिको प्रांतांत एका विनापरवाना सौंदर्यगृहांत चेहऱ्यावर असा रक्तद्रव टोंचून घेतलेल्या स्त्रियांस एच.आय.व्ही.ची लागण झाली; २०१८ सालीं उघडकीस आलेल्या त्या प्रकरणाचा वृत्तांत तेथील सरकारी आरोग्यकेंद्रानें २०२४ सालीं प्रसिद्ध केला. रक्त आपलें होतें. सुई आपली नव्हती.

एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग येथें आहे. मधुमेही माणसास स्वतःचा तळवा बहुधा दिसत नाहीं. कोणाची दृष्टि मंद, कोणास वांकवत नाहीं. आणि आपल्या घरांतील स्त्रिया तर सर्वांचें दुखणें निस्तरून झाल्यावर आपलें सांगतात. तेव्हां रात्रीं निजण्यापूर्वीं घरच्या मधुमेही वडीलधाऱ्यांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या दिव्याच्या उजेडांत पाहण्याचें काम एखाद्या नातवंडास नेमून द्यावें. फोड, भेग, लाली, ओल, काळसर डाग, यांपैकीं कांहींही दिसलें तर दुसऱ्या दिवशीं वैद्याकडे जावें. हळदीचा प्रयोग करीत पंधरवडा घालवूं नये. गरम पाण्यांत पाय बुडविण्यापूर्वीं पाणी दुसऱ्यानें कोपरानें पाहावें. कुरूप पात्यानें कापूं नये. पादत्राण घालण्यापूर्वीं आंत हात घालून खडा, खिळा पाहावा. प्रदक्षिणा सकाळीं, फरशी तापण्यापूर्वीं, शक्य तर पायमोजे घालून घालावी.

पूर्वीं मुलें वडिलांच्या पायां पडत, तीं नमस्कार करून मोकळीं होत. आतां नमस्कार करतांना पाय नीट पाहूनही घ्यावे. भक्ति तींत कमी होणार नाहीं, आणि रक्त काढण्याची वेळ बहुतेक घरीं येणारच नाहीं.